जळगावातले पेटंट सल्लागार : पैसे घ्यायच्या आधी खरं सांगणारा माणूस

चोपड्याकडे आमच्या दादाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, त्याने केळीच्या बागेतली ठिबकची नळी गुंडाळायचं ट्रॅक्टरवरचं मशीन बनवलंय, म्हणून आम्ही जळगावला या सरांकडे गेलो. बसल्याबसल्या पहिला प्रश्न आला, याचा व्हिडिओ युट्यूबला किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला नाही ना? कारण अर्जाच्या आधी वस्तू चारचौघांत उघड झाली तर नवीनपणाच जातो. नव्हता टाकला, नशीब.

मग सरळ अहिराणीत, "दादा, यामा नवं काय शे?" दादा म्हणे मीटर बसवलाय, किती नळी गुंडाळली ते दिसतं. सर म्हणाले मीटर जुना, गुंडाळायचं मशीन जुनं, दोन्ही आपापलं काम वेगवेगळं करताय, अशी नुसती जोडणी पेटंट कायद्याच्या कलम 3 प्रमाणे नवा शोध धरत नाहीत, तिला पेटंट मिळत नाही. मग दादाने लिव्हरचं सांगितलं. नळीचा गुंडाळा जाड होत गेला की ड्रम त्याच वेगाने फिरला तरी नळी जास्त जोरात ओढली जाते आणि उन्हाने कडक झालेली जुनी नळी तुटते, तर दादाची लिव्हर गुंडाळ्यावर टेकून राहते आणि तो जाड झाला की पट्टा सैल करून ड्रम हळू करते. तिथे सर खुर्चीतून पुढे सरकले भो! म्हणाले हे बघू, पण आधी शोध घेऊ, कोणी जगात कुठेही आधी छापलंय का.

मला आवडलं ते हे की नुसतं "नवीन पाहिजे" म्हणून सोडलं नाही. नवीन असावं, कारखान्यात किंवा शेतात वापरता यावं, आणि त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचेल असं नसावं. तिसऱ्या अटीवरच जास्त लोक अडकतात. त्यासाठी 1978 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला, लेथवर भांडी धरायच्या साधनाचं पेटंट होतं, कोर्टाने रद्द धरलं कारण चांगल्या कारागिराला सुचेल असाच तो बदल होता. दादाला हे लगेच पटलं, त्याच्या वर्कशॉपमध्येच लेथ आहे ना.

शेजारी रावेरचे एक काका बसले होते, त्यांना केळी लावायच्या अंतराच्या पद्धतीचं पेटंट पाहिजे होतं. शेतीची पद्धत कायद्यानेच बाहेर, यंत्र असेल तर या, असं सांगून सरांनी त्यांच्याकडून एक रुपया घेतला नाही. असा माणूस आपल्याकडे मिळणं मोठी गोष्ट आहे, कारण पेटंटच्या नावाने कशाचाही अर्ज भरून देणारे भरपूर आहेत आणि नुसता अर्ज नंबर मिळाला म्हणजे पेटंट मिळालं असं होत नाही, पुढे तपासणी असते.

एक स्टार कापला तो फीसाठी. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1600 रुपये, ती स्पष्ट सांगितली, पण त्यांची स्वतःची फी आम्ही मागितल्यावरच कागदावर आली. अपॉइंटमेंट घेऊनही बराच वेळ बसावं लागतं.

शोधात लिव्हरसारखं काही सापडलं नाही, म्हणून प्रोव्हिजनल, म्हणजे सुरुवातीचा अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसला गेलाय, 12 महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचाय. जाताना मशीनचे फोटो घेऊन जाच, आणि बाजारात मिळणाऱ्या तसल्याच मशीनचेही न्या, सर तेच आधी मागतात.