‘पंच’मधील व्यंगचित्रांच्या नावाखाली होणारी फसवणूक

लंडनमधील एका जुन्या चित्रांच्या विक्रेत्याने मला १८५८ मधील एक व्यंगचित्र १८० पाउंडांना विकले. ते अस्सल असल्याचे जे दोन पुरावे त्याने दाखवले, नेमक्या त्यांनीच ते बनावट ठरते. व्हिक्टोरियन काळातील अशी चित्रे जमवणाऱ्यांना हे कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

चित्र ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकाच्या ३ जुलै १८५८ च्या अंकातले. त्या उन्हाळ्यात मैलापाण्याने भरलेल्या थेम्स नदीची दुर्गंधी काठावरच्या संसदेतही शिरली होती. चित्रात म्हातारा थेम्स आपली तीन अपत्ये, म्हणजे घटसर्प, गंडमाळा आणि पटकी, स्त्रीरूपातील लंडन नगरीपुढे आणून उभी करतो, आणि हा नव्या संसदभवनातील भित्तिचित्राचा आराखडा आहे, असे खाली छापले आहे. रोगांना राज्यकर्त्यांच्याच भिंतीवर नेऊन बसवणारे इतके धारदार चित्र मला दुसरे ठाऊक नाही, म्हणूनच ते मला संग्रही हवे होते.

विक्रेत्याने चित्राभोवतीची दबलेली चौकट दाखवून हा तांब्याच्या पत्र्याचा ठसा असल्याचे आणि रंग त्याच काळी हाताने भरल्याचे सांगितले. वास्तविक ‘पंच’ची चित्रे बॉक्सवूड या कठीण लाकडाच्या ठोकळ्यांवर कोरली जात. रेषा उंच ठेवून भोवतालचे लाकूड काढले जात असल्यामुळे ती मजकुराच्या खिळ्यांसोबतच, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांसोबतच, छापता येत. कोरलेला तांब्याचा पत्रा मात्र ओलसर कागदावर प्रचंड दाबाने छापावा लागतो आणि त्या दाबानेच अशी चौकट उमटते. म्हणजे इथली चौकट मुद्दाम उठवलेली होती. अंकातली ही चित्रे काळ्या शाईतच छापली जात, तेव्हा रंगही नंतर कोणीतरी भरलेला. भिंगातून पाहिल्यावर तर सलग काळ्या रेषांच्या जागी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, जी छायाचित्रावरून केलेल्या आधुनिक छपाईची खूण आहे.

पैसे परत मागितले तेव्हा त्याने पावतीकडे बोट दाखवले. तीवर ‘शोभेचे चित्र’ एवढेच लिहिले होते. वस्तू वर्णनाप्रमाणेच असली पाहिजे, असे ब्रिटनचा २०१५ चा ग्राहक हक्क कायदा सांगतो, परंतु तोंडी केलेले वर्णन सिद्ध करणे फार अवघड जाते आणि मला पैसे मिळाले नाहीत. म्हणून नियतकालिकाचे नाव, अंकाची तारीख आणि छपाईची पद्धत पावतीवर लिहून घ्यावी, आणि विक्रेता ती लिहून देण्यास टाळाटाळ करू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.