तारा लावलेले दात आणि ट्रंपेट: मेण, सिलिकॉन आणि पट्टी यांचा अनुभव

दातांना तारा लावलेल्या ट्रंपेटवादकासाठी तीन प्रकारची आवरणे मिळतात: ऑर्थोडॉन्टिक मेण, बोटांनी मळून बसवायचे सिलिकॉन आणि ब्रॅकेटांच्या (दातांवर चिकटवलेल्या, तार धरून ठेवणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या) संपूर्ण ओळीवर दाबून बसणारी मऊ पारदर्शक पट्टी. फोंडा परिसरातील एका शाळेच्या बँडला मी ट्रंपेट शिकवतो आणि ऐन पस्तिशीत माझ्याच दातांना तारा लागल्यामुळे ही तिन्ही आवरणे मी प्रत्यक्ष वाजवताना वापरली आहेत. (सरांच्या तोंडातील तारा पाहून विद्यार्थ्यांना झालेला आनंद त्यांनी फारसा लपवला नाही.) ओठ कापण्यापासून तिन्ही आवरणे कमी-अधिक प्रमाणात वाचवतात, त्यामुळे इथे मुख्यतः वरच्या सुरांच्या दृष्टीने त्यांचा विचार केला आहे.

गोव्यात ट्रंपेट ऐकत वाढलेल्या मुलांना वरच्या सुरांची ओढ असणे स्वाभाविक आहे. फेस्ताच्या मिरवणुकीतला ब्रास बँड आणि तियात्रातील ट्रंपेट-सॅक्सोफोन त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडत असतात. शिवाय हळदोण्याचे चिक चॉकलेट आणि मडगावचे ख्रिस पेरी या ट्रंपेटवादकांची नावे आजही घेतली जातात. तारा लागल्यावर मात्र स्टाफच्या (सूर लिहिण्याच्या पाच रेघांच्या) वरचा जी सूरही अवघड होऊन बसतो. बी-फ्लॅट ट्रंपेटवर स्टाफमधला सी वाजवताना ओठ सेकंदाला सुमारे ४६६ वेळा कंप पावतात, तर त्याच्या वरच्या सप्तकातील सीसाठी हाच आकडा ९३२ वर जातो. दोन्ही सूर एकही व्हॉल्व न दाबता निघतात, म्हणजे इथे बोटांची काहीच मदत नसते. ओठांच्या कोपऱ्यांची पकड, 'ई' म्हणताना उचलली जाते तशी उचललेली जीभ आणि हवेचा वेग, एवढ्यावरच सारे अवलंबून असते. ते जमत नाही तेव्हा वादक माउथपीस ओठांवर दाबतो. तारा नसताना हा दाब काही काळ खपून जातो. तारा असताना मात्र ओठाची आतली बाजू माउथपीसची कड आणि ब्रॅकेट यांच्यात चेपली जाते आणि तिथे लगेच जखम होते.

मेण सहज मिळते आणि स्वस्तही असते. दात टिपून कोरडा करावा, मेणाची वाटाण्यापेक्षा लहान गोळी मळावी आणि टोचणाऱ्या ब्रॅकेटवर दाबून बसवावी. खालच्या सुरांचा सराव होईपर्यंत ते चांगले टिकते, पण वर चढू लागताच त्याचे पापुद्रे सुटतात. माउथपीसचे छिद्र सर्वांत अरुंद जागी जेमतेम साडेतीन ते पावणेचार मिलिमीटरचे असते, तिथे मेणाचा कण अडकला तर सूर लगेच घोगरा होतो. मे महिन्यात ही डबी गाडीत ठेवू नये, हे गोव्यातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. सिलिकॉन याच पद्धतीने लावतात. ते भुगा होत नाही, पण लाळ आत शिरली की अख्खा तुकडा सुटून ओठामागे फिरू लागतो. त्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे मला वाटले नाही.

पारदर्शक पट्टी परदेशातून मागवावी लागते आणि मेणाच्या कितीतरी पट महाग पडते. ती दातांच्या ओळीच्या मापाने कात्रीने कापायची असते आणि खरी कसोटी इथेच आहे, कारण कापलेले टोक टोकदार राहिले तर ते हिरडीला टोचते. कोपरे गोल करूनच ती बसवावी. सुरुवातीला ओठ आणखी पुढे ढकलला गेल्यासारखे वाटते, आवाजात हवा मिसळते आणि वरचे एक-दोन सूर हातचे जातात. काही दिवसांत ओठ या नव्या जागेला सरावतो आणि गेलेले सूर परत येतात. संचलनासाठी तर तिला पर्याय नाही, कारण चालत वाजवताना प्रत्येक पावलागणिक वाद्याला हिसका बसतो आणि माउथपीस दातांवर आदळतो. १९ डिसेंबरच्या मुक्तिदिनाच्या संचलनासाठी तारा लावलेल्या मुलांना मी पट्टीच देतो.

रोजच्या सरावासाठी मात्र मी ती सुचवणार नाही, आणि त्याचे कारण तिच्या गुणातच आहे. पट्टी इतके चांगले संरक्षण देते की दाब जाणवतच नाही. मग वादक पुन्हा माउथपीस रेटून वरचा सूर काढू लागतो आणि ओठांतला रक्तप्रवाह अडखळून थोड्याच वेळात ते सुन्न होतात. मेण तकलादू असले तरी दाब वाढताच ते सुटते आणि वादकाला थांबावे लागते. ज्याला खरोखर वर चढायचे आहे, त्याच्यासाठी ही अडचण उपयोगाची आहे. सराव करताना उजव्या हाताची करंगळी वाद्यावरच्या आकड्यातून बाहेर काढून वरच टेकवावी, कारण या आकड्यामुळेच हात नकळत वाद्य ओठांकडे ओढत असतो. मग हलक्या आवाजात लाँग टोन (एकच सूर लांब धरणे) आणि लिप स्लर (व्हॉल्व न बदलता एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणे) वाजवत अर्ध्या-अर्ध्या सुराने वर जावे, आणि जिथे दाब वाढल्याचे जाणवेल तिथून खाली परतावे. तारा आवळून घेतल्यावर दुखरेपणा ओसरेपर्यंत वरच्या सुरांच्या वाटेला जाऊ नये.

वरच्या सुरांसाठी दुकानदार हमखास उथळ कपाचा (ओठ टेकतात त्या वाटीची खोली कमी असलेला) माउथपीस पुढे करतात. तारा असताना तो घेऊ नये. ब्रॅकेटांमुळे पुढे आलेला ओठ उथळ कपाच्या तळाला टेकतो आणि कंपने बंद पडतात. शाळेच्या वाद्यासोबत बहुधा येतो तो बाख कंपनीचा ७सी किंवा त्याच्यासारखा मध्यम खोलीचा माउथपीस पुरेसा आहे. तारांऐवजी वापरायच्या, काढता येणाऱ्या अलाइनरचाही प्रश्न पालक विचारतात. ते वाजवताना काढता येतात हे खरे, पण दिवसातले २० ते २२ तास ते दातांवर असावे लागतात, त्यामुळे जेवणखाण आणि लांबलेली तालीम यांचा हिशेब आधीच मांडून दंतवैद्यांशी बोलावे.

नव्याने तारा लावलेल्या विद्यार्थ्याने आधी मेणाची डबी घ्यावी, ते सगळीकडे न थापता फक्त टोचणाऱ्या ब्रॅकेटांवर लावावे आणि पट्टी कार्यक्रमांसाठी व लांब तालमींसाठी राखून ठेवावी. मला स्वतःला खालच्या दातांवर पट्टी आणि वर थोडे मेण ही जोडी सर्वांत सोयीची वाटली. वरच्या ओठाची हालचाल मोकळी राहत असल्यामुळे वरचा जी त्या जोडीने स्वच्छ निघतो. वरचा सी अजून कधी निघतो, कधी नाही. पट्टी दोन्ही ओळींना पुरेल एवढ्या लांबीची येत असेल, तर दोन विद्यार्थ्यांनी मिळून एकच मागवावी आणि कापून आपापला तुकडा घ्यावा.