ओबी व्हॅनवरील सुरक्षा प्रशिक्षणाचे साहित्य : सांगलीत वापरून पाहिल्यानंतर

सांगलीतून भाड्याने जाणाऱ्या एका ओबी व्हॅनवर, म्हणजे घटनास्थळावरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या गाडीवर, मी अकरा वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करतो आहे. लोणंद-फलटणचा पालखी मुक्काम असो, मतमोजणी असो की मिरजेची विसर्जन मिरवणूक असो, गाडी जिथे उभी राहते तिथे डोक्यावर विजेच्या तारा असतातच, आणि आमच्या टपावर हवेच्या दाबाने वर चढणारा 42 फुटी मास्ट, म्हणजे टप्प्याटप्प्याने लांब होणारा अँटेनाचा खांब, आहे. गेल्या पावसाळ्यापूर्वी आम्ही पाच जणांनी या कामाच्या सुरक्षा प्रशिक्षणाचे जे साहित्य हाती लागले ते गोळा केले आणि रीतसर वापरून पाहिले. त्यात अमेरिकेत वृत्तवाहिन्यांच्या गाड्यांसाठी तयार झालेल्या चित्रफिती व तपासणी तक्ते होते, मास्टसोबत आलेली पुस्तिका होती, आणि एका निवृत्त लाइनमन काकांनी आमच्या विनंतीवरून घेतलेले एक दिवसाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण होते.

अमेरिकी साहित्याचा दर्जा उत्तम आहे, कारण ते खऱ्या अपघातांतून आलेले आहे. 22 मे 2000 रोजी लॉस एंजेलिसमध्ये एका वाहिनीच्या गाडीचा मास्ट उच्चदाब तारेला लागला आणि आतील वार्ताहर इतकी भाजली की तिला अवयव गमवावे लागले. त्या घटनेनंतर तिथे या विषयाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. या साहित्याचे सांगणे मोजके आणि ठाम आहे : गाडी लावण्यापूर्वी खाली उतरून चारही बाजूंनी वर पाहावे, मास्ट चढत असताना खटका सोडून कुठेही जाऊ नये, मास्ट वर असताना गाडी एक इंचही हलवू नये. तेथील नियमाप्रमाणे 50 किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान 10 फूट आणि त्यापुढील प्रत्येक 10 किलोव्होल्टला आणखी 4 इंच अंतर ठेवावे लागते. आम्ही सरसकट 20 फूट धरतो, कारण अंधारात तार 11 केव्हीची (किलोव्होल्टची) आहे की 33 केव्हीची, हे खालून सांगता येत नाही. तारेचे विद्युतक्षेत्र ओळखून मास्ट थांबवणाऱ्या संवेदकांचीही या साहित्यात माहिती आहे. असे उपकरण असले तर चांगलेच, पण त्याच्या भरवशावर वर पाहणे सोडू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

मास्टसोबतची पुस्तिका देखभालीपुरती उपयोगी आहे. हवेचा दाब, कड्यांना द्यायचे वंगण, वाऱ्याची मर्यादा हे सारे तीत नीट दिले आहे, मात्र माणसांविषयी जवळपास काहीच नाही.

सर्वांत मोलाचे ठरले ते लाइनमन काकांचे प्रशिक्षण. सकाळचे दोन तास त्यांनी आम्हाला गाडीजवळ जाऊच दिले नाही. माधवनगर रस्त्याने पायी नेऊन खांब ओळखायला लावले : चिनीमातीचे इन्सुलेटर किती मोठे, डीपीवर वरून येणारी तार कोणती आणि खालून निघणारी कोणती, शेतातल्या तारेला झोळ कुठे पडतो. रस्ता ओलांडणारी 11 किंवा 33 केव्हीची तार नियमाप्रमाणे जमिनीपासून किमान 6.1 मीटर, म्हणजे सुमारे 20 फूट उंच हवी, हे त्यांच्याकडूनच कळले. आमची गाडी डिशसह दहा फुटांची आहे. तेव्हा मास्टचे पहिले दोन टप्पे चढेपर्यंतच तो तारेच्या पातळीला येतो, हा हिशेब इतकी वर्षे आमच्यापैकी एकानेही केलेला नव्हता.

दुपारी गाडीतून उडी मारण्याचा सराव झाला. मास्ट तारेला लागला तर संपूर्ण गाडीत वीज उतरते आणि टायर वाचवत नाहीत. आतल्यांनी आतच बसून राहावे, बाहेरच्यांना दूर ठेवावे आणि 1912 वर कळवून वीज बंद करून घ्यावी. आग लागली तरच बाहेर पडायचे, तेही दोन्ही पाय जुळवून उडी मारून आणि नंतर पाय न उचलता बारीक सरकत, कारण जमिनीतही पावलापावलाला विजेचा दाब बदलतो. आमचे चालक मामा पंचावन्न वर्षांचे. त्यांनी पायरीवरून झकास उडी मारली, पण उजवा हात दाराच्या दांडीवरच राहिला होता. काका त्यांच्याजवळ गेले, तो हात तसाच धरून ठेवला आणि म्हणाले, "मामा, आत्ता तुम्ही गेलात." पाय मातीत, हात गाडीला. तीस वर्षे गाडीतून उतरताना दांडी धरायची सवय असलेल्या माणसाचा हात आपसूक तिथेच जाणार. मामांनी ती उडी त्या दिवशी बारा वेळा मारली आणि शेवटच्या चार वेळा त्यांचे दोन्ही हात छातीशी होते. एवढी गोष्ट चित्रफितीतून होण्यासारखी नाही.

इथेच या साहित्यातील मोठी उणीव दिसते. अमेरिकेत मास्ट चढवणारा माणूस तंत्रज्ञ किंवा कॅमेरामन असतो आणि सारे साहित्य त्यालाच उद्देशून लिहिलेले आहे. आमच्याकडे गाडी कुठे लावायची हे चालक ठरवतो, जनरेटर तोच सुरू करतो आणि आम्ही केबल ओढण्यात गुंतलो असलो की मास्टच्या खटक्यावर हातही त्याचाच असतो. मामांना इंग्रजी वाचता येत नाही. म्हणजे ज्याच्या हाती सर्वांचा जीव, त्याच्यापर्यंत यातला एक शब्दही पोहोचत नव्हता.

दुसरी उणीव आपल्याकडच्या परिस्थितीची आहे. मिरवणुकीत मास्टपेक्षा जिमी जिबचा, म्हणजे लांब भुजेच्या टोकावर कॅमेरा फिरवणाऱ्या क्रेनचा, धोका अधिक असतो, कारण मास्ट एका जागी उभा राहतो आणि जिबची तीस फुटी धातूची भुजा मात्र दोन तास गर्दीवरून फिरत असते, तेही चालवणाऱ्याची नजर पडद्यावर खिळलेली असताना. मिरजेच्या स्वागत कमानींवरची रोषणाई आणि काही ठिकाणी चोरून वीज घेण्यासाठी टाकलेले आकडे यांचा विचार या साहित्यात असण्याचे कारणच नाही. एका विसर्जनाच्या रात्री आमच्या जिबचे टोक कमानीच्या वायरपासून हातभर अंतरावर आले होते आणि मामांच्या ओरडण्यानेच ते थांबले. तेव्हापासून जिबच्या पायाशी एक माणूस केवळ वर पाहण्यासाठी उभा असतो आणि त्याला दुसरे कोणतेही काम दिले जात नाही.

जनरेटरच्या धुराविषयी मात्र साहित्यात चांगली माहिती आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोके दुखणे, चक्कर येणे, मळमळणे ही सुरुवातीची लक्षणे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाशी 57 फुटांवर गेले, तेव्हा पावसामुळे दारे-खिडक्या बंद करून, शेजारी जनरेटर लावून आम्ही रात्रभर गाडीत बसलो होतो. सकाळी दोघांचे डोके ठणकत होते आणि आम्ही ते जागरणावर ढकलले. आता गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र आहे.

इंग्रजी तपासणी तक्त्यावरून आम्ही मराठीत एका पानाचा तक्ता केला. मोठ्या अक्षरांत, सात ओळींचा. लॅमिनेट करून तो चालकाच्या डोक्यावरच्या सनशेडला लावला आहे. वर्षाकाठी ज्यांची गाडी चार यात्रा आणि दोन मिरवणुका करते, त्यांनी चित्रफिती अवश्य पाहाव्यात, पण खर्च करायचा तर तो अनुभवी लाइनमनच्या एका दिवसावर करावा आणि त्या दिवशी पहिली खुर्ची चालकाला द्यावी. आमच्या तक्त्यातील सातवी ओळ मामांनी स्वतः सांगून घातली आहे : "दांडी सोडा, मग उडी."