इकोफ्लो डेल्टा प्रो : अमेरिकेतील कॅम्पर व्हॅनसाठी कितपत उपयुक्त?

व्हॅनमध्ये राहून प्रवास करणाऱ्यांना इकोफ्लो कंपनीच्या 'डेल्टा प्रो' या हलवता येणाऱ्या मोठ्या बॅटरीचे आकर्षण वाटते ते केवळ तिच्या ३.६ किलोवॅट-तास क्षमतेमुळे नव्हे, तर वेगळा अ‍ॅडॉप्टर घेतल्यास विजेच्या मोटारींसाठी असलेल्या सार्वजनिक 'लेव्हल २' (मध्यम वेगाच्या, एसी वीज देणाऱ्या) केंद्रांवर ती चार्ज करता येते म्हणून. २४० व्होल्टवर ती साधारण दोन तासांत भरते; मात्र महामार्गांवरील डीसी जलद चार्जरचा तिला काहीही उपयोग नाही, आणि जिथे युनिटऐवजी तासावर आकारणी होते, तिथे दुप्पट वेगाने वीज घेणाऱ्या मोटारीइतकेच पैसे मोजावे लागतात. शिवाय मोटारी रांगेत उभ्या असताना आपल्या फ्रिजसाठी जागा अडवणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

१,८०० वॅटच्या इंडक्शन शेगडीवर अर्धा तास स्वयंपाक केला, तरी क्षमतेचा सुमारे पाव भागच खर्च होतो. छतावरचा एसी मात्र तिला काही तासांतच रिकामी करतो. तिच्यातील लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे घट (सेल) दीर्घायुषी असले, तरी ते शून्य अंशाखाली चार्ज करू नयेत, त्यामुळे मिनेसोटासारख्या राज्यात हिवाळ्यात ती व्हॅनच्या उबदार भागातच ठेवावी. वजन ४५ किलो आहे. चाके असली, तरी ती व्हॅनमध्ये चढवायला दोन माणसे हवीत.