इंग्लंडमधील जीपी सेवा: एका विद्यार्थ्याचा अभिप्राय

इंग्लंडमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याकडून व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार घेतला जातो. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे. एवढी रक्कम आगाऊ भरूनही अनेक जण जीपीकडे, म्हणजे वस्तीतल्या सरकारी योजनेच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवत नाहीत आणि ताप चढल्यावर धावपळ करतात, हे मला अजूनही अनाकलनीय वाटते. नोंदणीला वेगळा पैसा पडत नाही आणि अर्ज बहुधा ऑनलाइन भरता येतो.

माझ्या दवाखान्यात स्वागतकक्षातील बाईंनी पत्त्याच्या पुराव्यासाठी वीजबिल मागितले. वसतिगृहात राहणाऱ्याच्या नावावर वीजबिल कुठून यायचे? ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा नाही एवढ्याच कारणावरून नोंदणी नाकारता येत नाही, असे एनएचएसचे, म्हणजे तेथील सरकारी आरोग्यसेवेचे, मार्गदर्शन आहे. ते नम्रपणे सांगितल्यावर अर्ज स्वीकारला गेला. पूर्वी घेतलेल्या लसींची नोंद मात्र घरून आणावीच, कारण अर्जासोबत ती विचारली जाते. मेंदूज्वराची मेनएसीडब्ल्यूवाय लस राहिली असेल, तर वयाची पंचविशी पूर्ण होण्याआधी ती येथे मोफत मिळते. पदव्युत्तर शिक्षणासाठी येणारे बरेच जण ही मर्यादा ओलांडूनच आलेले असतात.

या सेवेचा खरा कस अपॉइंटमेंट मिळवताना लागतो. सकाळी आठला फोन सुरू होताच रांग लागते, आणि नऊच्या व्याख्यानाला जायचे असेल तर हा प्रकार विशेष जाचक ठरतो. ऑनलाइन अर्जातून दुखण्याची तक्रार कळवण्याची सोय त्यापेक्षा कितीतरी बरी. ऑक्टोबर २०२५ पासून दवाखान्यांनी ती कामकाजाच्या पूर्ण वेळेत सुरू ठेवणे अपेक्षित आहे. फोनवर ‘काय होतंय?’ असे विचारले जाते, तेव्हा आपल्या मंडळींना तो आगाऊपणा वाटतो, परंतु आपल्याला डॉक्टर हवा, नर्स हवी की फार्मासिस्ट पुरेसा आहे, हे त्याच उत्तरावरून ठरते. प्रत्यक्ष भेट साधारण दहा मिनिटांची असते, त्यामुळे मुख्य तक्रार आधी सांगावी. घसा, गुडघा आणि निद्रानाश एकाच बैठकीत उरकण्याची अपेक्षा ठेवू नये.

डॉक्टरांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि प्रतिजैविकाची गरज नाही, असे स्पष्ट सांगितले. गोळ्यांची पट्टी हातात पडल्याशिवाय तपासणी झाल्यासारखी न वाटणाऱ्या आपल्या सवयीला हे रुचत नाही, तरी माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. तज्ज्ञाकडे जाण्याची वेळ आली की मात्र या व्यवस्थेची खरी दुर्बलता कळते. तातडीची नसलेली शिफारस जीपीमार्फतच पुढे जाते आणि प्रतीक्षा कित्येकदा महिनोन्‌महिने चालते. वर्षभराचा अभ्यासक्रम त्याआधीच संपू शकतो. समुपदेशनाच्या बाबतीत थोडा दिलासा आहे, कारण इंग्लंडमध्ये त्या सेवेसाठी स्वतःहून थेट अर्ज करता येतो.

औषधांची व्यवस्था मला सर्वांत अधिक आवडली. डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी आपण निवडलेल्या औषधाच्या दुकानात परस्पर पोहोचते. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड द्यावे लागतात. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हे शुल्क नाही. उत्पन्न आणि बचत कमी असलेल्यांनी एचसी१ अर्ज भरून सवलत मागावी. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी मात्र चिठ्ठीवर न घेता थेट दुकानातून विकत घेणेच स्वस्त पडते. शिवाय जानेवारी २०२४ पासून घसादुखी, सायनसचा त्रास, चावलेल्या कीटकामुळे झालेला संसर्ग यांसारख्या सात तक्रारींवर फार्मासिस्टच तपासून गरजेप्रमाणे औषध देऊ शकतो. विद्यार्थ्यांच्या निम्म्या कुरबुरी तेथेच मिटाव्यात.

दातांचे काम जीपीकडे होत नाही, त्यासाठी दंतवैद्य वेगळा शोधावा लागतो. परीक्षा चुकल्याबद्दल विद्यापीठाला द्यायचे पत्रही मोफत मिळेलच असे नाही. ते एनएचएसच्या कामात मोडत नसल्याने दवाखाना शुल्क आकारू शकतो. दुसऱ्या वर्षी वसतिगृह सोडून भाड्याच्या घरात जाताना नवा पत्ता दवाखान्याच्या हद्दीत येतो का, हे करारावर सही करण्यापूर्वीच पाहून ठेवावे.