एक्सआरपी की स्टेलर: वॉलेटमध्ये अडकून राहणाऱ्या पैशांचा हिशेब

निपाणीच्या मामेभावाचा गेल्या महिन्यात फोन आला. क्रिप्टो एक्स्चेंजवर, म्हणजे कॉइन घेण्या-विकण्याच्या ऑनलाइन बाजारात, चार-पाच हजार रुपये पडून आहेत, त्यांचे कॉइन घेऊन ते स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे फोनमधल्या आपल्या डिजिटल पाकिटात, काढून घ्यायचे आहेत, तर एक्सआरपी हे कॉइन बरं की स्टेलर, एवढाच त्याचा प्रश्न. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले तेव्हापासून त्याच्या मनात धाकधूक आहे, आणि ती रास्तच म्हणायची. पण नवं वॉलेट उघडल्या उघडल्या ‘खातं चालू करायला आधी इतके कॉइन पाठवा’ असं आलं आणि गडी चक्रावला.

“दादा, झिरो बॅलन्सचं काय नाही काय ओ ह्यात?”

फोनवर मी एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा झालो. मागचं कारण मात्र एका वाक्यात मावणारं नव्हतं. ही दोन्ही खाती मी वापरून पाहिली आहेत. मी काही यातला तज्ज्ञ नव्हे, बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्याचे हिशेब लिहितो. त्यामुळे इथे आलेख वगैरे मिळणार नाहीत, माझ्या खिशाला काय जाणवलं तेवढंच मिळेल.

आधी ‘मिनिमम बॅलन्स’ या शब्दाबद्दल. तो ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे बँक येते. माझ्या आईचं एक खातं होतं, गॅसच्या सबसिडीपुरतं उघडलेलं. बँकेचं नाव घेत नाही. बॅलन्स कमी म्हणून दर तिमाहीला थोडी थोडी कापाकापी होत ते खातं एक दिवस कोरडं पडलं. बँकांकडेही आता हे कमी होत चाललंय. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यावरची ही अट काढली, कॅनरा बँकेने जून २०२५ पासून काढली. एक्सआरपी किंवा स्टेलरच्या खात्यात दंड हा प्रकारच नाही. तिथे कुणी काही कापत नाही, फक्त तेवढी रक्कम हलवू देत नाही.

त्यापेक्षा आपल्याकडच्या क्रेडिट सोसायटीच्या शेअरची उपमा जवळची आहे. बेळगाव-खानापूरकडे ज्याने कधी पिग्मी भरली असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. कर्ज काढायचं तर आधी सभासद व्हा, सभासद व्हायचं तर शेअर घ्या. शेअरचे पैसे तुमचेच, पासबुकातही दिसतात, पण सभासद आहात तोवर ते हातात येत नाहीत. या दोन साखळ्यांवरची, म्हणजे ब्लॉकचेन नावाच्या सामाईक हिशेबवह्यांवरची, राखीव रक्कम तशीच आहे. कारणही साधं आहे. तुमच्या खात्याची नोंद जगभरच्या शेकडो संगणकांना कायम सांभाळावी लागते. खातं फुकट असतं तर कुणीतरी रिकामटेकड्याने कोट्यवधी पोकळ खाती उघडून सगळ्यांची वही भरून टाकली असती. म्हणून उघडतानाच अनामत.

आजचे आकडे बघितले तर दोन्हीत फार फरक वाटत नाही. एक्सआरपीच्या खात्यात १ एक्सआरपी अडकतो आणि ट्रस्ट लाइन (दुसऱ्या कुणी काढलेलं कॉइन, म्हणजे टोकन, खात्यात घ्यायची परवानगी), ऑफर (खरेदी-विक्रीची मागणी) असल्या प्रत्येक जादा नोंदीमागे ०.२. स्टेलरमध्ये १ एक्सएलएम (स्टेलरचं कॉइन) आणि प्रत्येक जादा नोंदीमागे ०.५. दोन्ही तशी भावंडंच. जेड मॅककॅलेब हा माणूस आधी एक्सआरपीमागच्या रिपल कंपनीच्या उभारणीत होता, तिथून बाहेर पडून त्याने २०१४ साली स्टेलर सुरू केलं. त्यामुळे अनामतीची कल्पनाही दोन्हीकडे सारखीच आली. फक्त एक्सएलएमचा भाव एक्सआरपीच्या मानाने फारच कमी, त्यामुळे रुपयांत मोजलं तर स्टेलरची अनामत चहा-भजीच्या हिशेबात बसते.

पण मी निवड केली तेव्हा आकडे असे नव्हते.

२०२२ मधली गोष्ट, गणपती आठवड्यावर आले होते. माझ्या वॉलेटमध्ये बरोबर ४० एक्सआरपी होते. भाव तेव्हा तीस रुपयांच्या आतबाहेर. म्हणजे बाराशे रुपये, काही मोठी इस्टेट नव्हे. ते एक्स्चेंजवर परत पाठवायचे, विकायचे आणि विषय संपवायचा असं ठरवलं. खडेबाजारात एका दुकानाबाहेर बायको आत आरास बघत होती, मी स्कूटरला टेकून फोन काढला. वॉलेटमध्ये ठळक अक्षरांत ४०. सगळे पाठवायला गेलो तर खाली लाल अक्षरांत नकार. कारण काय, तर राखीव रक्कम कमी पडते. शोधाशोध केल्यावर कळलं की १० एक्सआरपी कायम ठेवावे लागतात. बरं, म्हटलं ठेवू. ३० टाकले. पुन्हा लाल!

आता दहा सोडून उरले तीस आणि पाठवतोय तीसच, मग नकार कशाला? दोनदा ॲप बंद करून उघडलं. नेट गेलं असेल म्हणून स्कूटर सोडून कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. खरं कारण रात्री घरी सापडलं. काही महिन्यांपूर्वी कुठलंतरी फुकटचं टोकन मिळतंय म्हणून मी एक ट्रस्ट लाइन लावून ठेवली होती. त्या टोकनचा पुढे एक पैसाही आला नाही, पण त्या एका नोंदीपायी आणखी २ एक्सआरपी अडकून बसले होते. म्हणजे अडकलेले बारा, मोकळे अठ्ठावीस. अठ्ठावीस टाकले तसे पाचेक सेकंदांत गेले.

माझं मन उडालं ते इथे. तीन-साडेतीनशे रुपये अडकल्याचं दुःख नव्हतं, खोटं कशाला बोलू. मनात राहिलं ते असं, की वॉलेटने मला एकूण ४० दाखवले आणि त्यातले माझ्या हातात किती हे कुठेच दाखवलं नाही. बऱ्याच बँकांचं ॲपसुद्धा लीन लावलेली, म्हणजे अडवून ठेवलेली, रक्कम वेगळी दाखवतं. दोष साखळीचा नाही, ॲप बनवणाऱ्याचा, हे मला पटतं. काही वॉलेटमध्ये आता हे वेगळं दिसतंही. पण हात पोळला तो पोळलाच.

दुसरी कटकट खातं बंद करण्याची. एक्सआरपीमध्ये खातं कायमचं पुसून राहिलेली रक्कम दुसरीकडे हलवता येते, नाही असं नाही. पण त्याआधी ट्रस्ट लाइन वगैरे सगळं काढावं लागतं. खात्यावरच्या शेवटच्या व्यवहारांनंतर साखळी २५६ पानं तरी पुढे गेलेली असावी लागते, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं थांबा. आणि पुसायची फी तेव्हा २ एक्सआरपी होती, तीही जळून जाणारी, कुणाच्याच खिशात न जाणारी. सोसायटीतून नाव काढायला गेल्यावर शेअरमधला पाचवा हिस्सा चुलीत घालायला सांगितल्यासारखं. शिवाय माझ्या ॲपमध्ये ते बटणच नव्हतं. मी नाद सोडला.

आता गंमत ऐका. डिसेंबर २०२४ मध्ये साखळी चालवणाऱ्या व्हॅलिडेटरनी मतदान करून ही अनामत १० वरून १ वर आणली, जादा नोंदीची २ वरून ०.२. माझे बारापैकी १०.८ एक्सआरपी एका रात्रीत मोकळे झाले, आणि तेव्हा भाव दोनशेच्या घरात होता. ज्या रकमेला मी दोन वर्षं शिव्या घातल्या तीच माझी एकमेव फायद्याची गुंतवणूक निघाली. सगळे अठ्ठावीस मी तिशीला विकून बसलो होतो. त्यामुळे एक्सआरपीने माझं नुकसान केलं असं म्हणायला मला तोंड नाही, आणि घरात हा किस्सा माझ्यावरच हसण्यासाठी सांगितला जातो.

तरीही मामेभावाला मी स्टेलर सांगितलं.

त्याचं कारण निघण्याची वाट. मी २०२३ मध्ये फोन बदलला तेव्हा जुनं स्टेलर खातं गुंडाळून नवं उघडलं. जुन्या खात्यावर एक ट्रस्ट लाइन होती, म्हणजे दीड एक्सएलएम अडकलेले. आधी त्या टोकनची शिल्लक शून्य करून ट्रस्ट लाइन काढली, अर्धा मोकळा झाला. मग ‘अकाउंट मर्ज’ केलं, आणि जुन्या खात्यातलं होतं नव्हतं ते, राखीव धरून, सगळं नव्या खात्यात येऊन पडलं. फी ०.००००१ एक्सएलएम, म्हणजे नसल्यातच जमा. थांबा नाही, जाळपोळ नाही. जे ठेवलं ते पूर्ण परत. अनामत म्हणजे अशी असावी, असं निदान माझं मत आहे.

यात एक खाच आहे, ती न सांगणं बरोबर नव्हे. मर्ज करताना समोरचा पत्ता स्वतःच्याच वॉलेटचा द्यावा. एक्स्चेंजच्या पत्त्यावर थेट मर्ज केलं तर बऱ्याच एक्स्चेंजची यंत्रणा ते जमा म्हणून ओळखत नाही, मग सपोर्टला मेल करत बसा. एक्स्चेंजवर न्यायचंच तर साधं पाठवा आणि मेमो, म्हणजे पैसे कुणाच्या नावे जमा करायचे ते सांगणारा एक्स्चेंजने दिलेला क्रमांक, विसरू नका. एक्सआरपीमध्ये तोच मान डेस्टिनेशन टॅगचा. तो विसरण्याची हौस मी एकदा भागवून घेतली आहे.

एक्सआरपीच्या बाजूने बोलायचं तर आजच्या घडीला त्याची अनामत चटका लावणारी राहिलेली नाही, आणि जादा नोंदीचा दर तर आकड्यात स्टेलरपेक्षा कमी आहे. पुसायची फीसुद्धा आता ०.२ वर आली आहे. विकायला गेलं तर एक्सआरपीला गिऱ्हाईक पटकन मिळतं असा माझा अनुभव. पन्नास हजार ठेवणाऱ्याने माझ्या या सगळ्या कुरकुरीकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. पण चार-पाच हजार ठेवायचे आणि दोन-चार टोकन हाताळून बघायचे, तर मला तरी हलकी अनामत आणि सोपा दरवाजा बरा वाटतो. अनामत कॉइनमध्ये असते, रुपयांत नव्हे, हेही ध्यानात असू द्या. भाव चढला की अडकलेली रक्कमही चढते. मला ते एकदा पावलं, दरवेळी पावेलच असं नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात, कारण मामेभावाने तेही विचारलंच. बिटकॉइनला अनामत नाही, पण जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर ५४६ सातोशीच्या (बिटकॉइनचा सगळ्यांत छोटा भाग) खालची चिल्लर साखळी पुढे ढकलत नाही. इथेरियमलाही अनामत नाही, मात्र खात्यात टोकन आहे आणि फीपुरतं इथर नाही तर ते टोकन हलवायाच्या काचेच्या कपाटातल्या कुंद्यासारखं नुसतं बघायचं. ट्रॉनवर नवं खातं चालू करायला १ टीआरएक्स जातो तो गेलाच, ती फी आहे, अनामत नव्हे. सोलानावर प्रत्येक टोकनच्या खात्यामागे साधारण ०.००२ सोल धरून ठेवतात आणि ते खातं बंद केलं की परत देतात, ही पद्धत मला आवडली. पोल्काडॉटची तऱ्हा सगळ्यांत कडक. शिल्लक ठरलेल्या किमान रकमेच्या खाली घसरली की खातंच पुसतात आणि उरलेली चिल्लर नाहीशी. तिथे शेवटचा पैसा काढताना डोकं ताळ्यावर हवं.

करापुरतं एकच. ही राखीव रकमेची कटकट नको म्हणून एका कॉइनचा दुसरा करून घ्यावा असं मनात आलं तर थांबा. अदलाबदल हीसुद्धा विक्रीच धरली जाते. नफ्यावर ३० टक्के, तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा होत नाही, आणि वर्षाची मर्यादा ओलांडली की १ टक्का टीडीएस. शे-दोनशेची अनामत वाचवायला हा खटाटोप परवडत नाही. आपल्याकडे जे आहे त्याच साखळीचं वॉलेट आधी बघावं.

मामेभावाकडे दोन्हीतलं काहीच नव्हतं, त्यामुळे त्याचा प्रश्न सोपा होता. त्याने थोडे एक्सएलएम घेतले आणि मी सांगितल्याप्रमाणे आधी फक्त ५ पाठवले. पोचल्याचा फोटो आला. दोन दिवसांनी रविवारी दुपारी, मी जेवायला बसलेलो, पुन्हा फोन.

“दादा, मी काय केलं नाही ओ. नुसतं यूएसडीसी टोकन म्हणून दाबलं, तर अर्धा गायब की!”

“ट्रस्ट लाइन लावलीस तू. पाठवता येण्याजोगे किती दाखवतंय?”

“साडेतीन.”

“आणि एकूण?”

थोडा वेळ काही बोलला नाही. मागे टीव्हीचा आवाज आणि मामीचं कुणाला तरी वाढणं.

“पाचच आहेत ओ. दोन्ही वेगवेगळं लिहिलंय इथं.”

“मग जेव आता.”