आठशे नव्याण्णवचा नेकबँड आणि त्यापाठोपाठ गेलेले अठरा हजार

तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन फळछाटणीच्या दिवसांत, बागेत काम करताना कानात घालायच्या एका नेकबँडपायी, म्हणजे मानेत अडकवायच्या बिनवायरच्या इअरफोनपायी, माझे एकूण १९,७७८ रुपये गेले. त्यांतले नेकबँडचे फक्त ८९९ होते. बाकीचे सगळे ते ८९९ रुपये परत मिळवण्याच्या धडपडीत गेले. ही रक्कम मी छाटणीच्या मजुरांची हजेरी देण्यासाठी खात्यावर ठेवली होती आणि शनिवारी ती देण्यासाठी मला पाहुण्यांकडे हात पसरावा लागला. कोणाला सांगू नये असे पहिले पंधरा दिवस वाटत होते. पण ज्या जाहिरातीने मला फसवले तीच आमच्या भागातील कित्येकांच्या फोनवर दिसते आहे, हे कळल्यानंतर गप्प राहणे मला योग्य वाटेना.

इअरफोनची गरज खरी होती. छाटणीत हात रिकामे नसतात. एका हातात कात्री, दुसऱ्यात काडी, आणि दिवसभर मांडवाखाली मान वर करून काम. अशा वेळी हवामानाचा अंदाज, द्राक्ष सल्ल्याची व्याख्याने, बेदाण्याचे सौदे काय निघाले त्याची खबर कानावर पडत राहिली तर वेळही जातो आणि उपयोगही होतो. आधी माझ्याकडे वायरचा साधा इअरफोन होता, पण त्याची वायर मांडवाच्या तारेत किंवा काडीच्या टोकात अडकायची, हिसका बसायचा आणि दोन-तीन महिन्यांत पिनेजवळ वायर तुटून एका कानाचा आवाज जायचा. म्हणून मानेत अडकवायचा, घामाने आणि दवाने खराब न होणारा, हजाराच्या आत बसणारा नेकबँड मी शोधत होतो. माझ्या या शोधाचा सुगावा फोनला लागला असावा, कारण दुसऱ्याच दिवसापासून जाहिराती सुरू झाल्या.

त्यांतल्या एका चित्रफितीत डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस शेतातल्या पाण्याच्या बादलीत नेकबँड बुडवतो, बाहेर काढतो आणि लगेच फोनवर बोलू लागतो. खाली मराठीत ‘शेतकरी बांधवांसाठी खास’ असे लिहिलेले होते. नाव एका सुप्रसिद्ध कंपनीचे वाटावे असे, पण स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. ते मला तेव्हा दिसले नाही. ४,९९९ ही किंमत खोडून ८९९ लिहिलेली, दोनशे तास चालणारी बॅटरी, ‘आयपीएक्स ८ वॉटरप्रूफ’ आणि ‘आज शेवटचा दिवस’. तो शेवटचा दिवस पुढे आठ दिवस रोज येत राहिला, पण मी पहिल्याच दिवशी ऑर्डर देऊन मोकळा झालो होतो.

माझा सगळा विश्वास बसला तो ‘पैसे माल हातात आल्यावर द्या’ या शब्दांवर. आधी पैसे मागत नाहीत म्हणजे माणसे खरी, असे मी धरून चाललो. इथे माझी पहिली चूक झाली आणि ती बहुतेक जण करतात. आपल्या हातात माल येत नाही, चिकटपट्टीने बंद केलेले खोके येते, आणि पैसे दिल्याशिवाय ते उघडू दिले जात नाही. कुरिअर घेऊन येणाऱ्या मुलाला आत काय आहे हे माहीत नसते, आणि एकदा त्याच्या हातात पैसे टेकवले की परत देण्याचा अधिकारही त्याला नसतो. म्हणजे या पद्धतीत धोका पूर्णपणे घेणाऱ्याचाच राहतो, फक्त तो चार दिवस पुढे ढकलला जातो.

खोक्यावर कोणतीच खरी माहिती नव्हती, आणि ते मला तिथल्या तिथे कळायला हवे होते. आपल्याकडे वेष्टित मालावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, निर्मितीचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क आणि आयात माल असेल तर मूळ देश छापणे बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर ४,९९९ चा एक चिकटवलेला कागद आणि इंग्रजीतील चार विशेषणे, एवढेच होते. शिवाय ब्लूटूथचे वायरलेस इअरफोन भारतीय मानक ब्युरोच्या अनिवार्य नोंदणीत येतात. खऱ्या मालावर ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपमध्ये तो क्रमांक घातला की नोंदणी कोणत्या उत्पादकाची आणि कोणत्या वस्तूची आहे हे मिनिटभरात दिसते. नुसते चिन्ह कोणीही छापू शकतो, म्हणून क्रमांक तपासणे महत्त्वाचे. माझ्या नेकबँडवर चिन्हही नव्हते आणि क्रमांकही नव्हता.

दोनशे तासांचा दावाही साध्या हिशेबाने खोटा ठरतो, आणि तो हिशेब मी नंतर भाच्याबरोबर बसून केला. साधारण नेकबँडमध्ये दीड-दोनशे मिलिअँपिअर-तासांची (बॅटरीत किती वीज साठते त्याचे हे माप) बॅटरी असते आणि आवाज चालू असताना तासाला आठ-दहा मिलिअँपिअर-तास खर्ची पडतात असे धरले, तर पंधरा ते वीस तास, फार तर पंचवीस, हा विश्वास ठेवण्याजोगा आकडा आहे. दोनशे तासांसाठी दोन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपासची बॅटरी लागेल, म्हणजे आपल्या फोनमधील बॅटरीच्या निम्म्याच्या जवळपास. ती मानेत घालायच्या त्या बोटभर जाडीच्या पट्टीत मावणार कुठे?

पाण्याबाबतच्या आकड्याचेही तसेच. ‘आयपी’नंतरचा पहिला अंक धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो, आणि पहिल्या अंकाच्या जागी ‘एक्स’ असेल तर धुळीची श्रेणी सांगितलेलीच नाही असा त्याचा अर्थ. पाण्याचा चार अंक म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसणे, पाच म्हणजे नळीतून येणारी पाण्याची धार सोसणे, आणि सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडून राहणे. बागेतल्या घामाला, दवाला आणि पावसाच्या सरीला चार किंवा पाच पुरेसा आहे. बादलीत बुडवण्याची गरज शेतकऱ्याला कधी पडते? उलट आपल्याला धूळ जास्त त्रास देते, म्हणून जिथे पहिला अंकही दिलेला आहे, उदाहरणार्थ ‘आयपी ५५’, तो माल बागेसाठी मला अधिक बरा वाटतो. ही चाचणी स्वच्छ पाण्याने घेतलेली असते, हेही ध्यानात ठेवावे. खारट घाम आणि फवारणीची औषधे यांचा त्यात विचार नसतो, आणि चार्जिंगचे भोक ओले असताना केबल लावली तर कोणताही अंक वाचवू शकत नाही.

माझा नेकबँड तिसऱ्या दिवशी बंद पडला. पहिल्या दिवशी आवाज पत्र्यासारखा येत होता आणि फोन खिशातून काढून मांडवाच्या खांबाला अडकवला की चार-पाच पावलांवर तुटत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाने ओल्या झालेल्या पानांतून फिरल्यावर उजवा कान गेला. तिसऱ्या दिवशी चार्जिंगला लावला तेव्हा पट्टीचा एक भाग गरम होऊन फुगल्यासारखा झाला. माझ्या पत्नीने तो ताबडतोब काढून अंगणात मातीवर नेऊन ठेवला, आणि तिने तसे केले नसते तर काय झाले असते हा विचार अजून मनात येतो, कारण आम्ही तो रात्री उशाशी चार्जिंगला लावणार होतो. फुगलेली लिथियम बॅटरी पेटू शकते. ती पुन्हा चार्ज करू नये, टोचू नये, दाबू नये.

इथे मी आठशे नव्याण्णव रुपये बुडीत धरले असते तर प्रकरण संपले असते. पण फसवले गेल्याचा राग होता, आणि वस्तू परत देण्याची मुदत सात दिवसांची आहे असे त्या जाहिरातीत वाचल्याचे आठवत होते. खोक्यावर क्रमांक नव्हता, म्हणून मी तो माल त्या सुप्रसिद्ध कंपनीचाच समजून इंटरनेटवर तिच्या ग्राहक सेवेचा क्रमांक शोधला आणि सर्वांत वर जो मोबाइल क्रमांक आला त्यावर बागेतूनच फोन लावला. हा क्रमांक कंपनीचा नव्हता. असे क्रमांक टोळ्या मुद्दाम पसरवून ठेवतात आणि आपण स्वतःहून फोन केल्यामुळे समोरचा खरा आहे असे आपल्याला वाटते. परका फोन आला असता तर मी सावध राहिलो असतो, हे मी खात्रीने सांगतो.

पलीकडचा माणूस हिंदीत अतिशय नम्रपणे बोलत होता. त्याने माझी तक्रार ऐकून घेतली, एक तक्रार क्रमांक लिहून घ्यायला लावला, आणि पैसे परत देण्यासाठी व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका, म्हणजे ८९९ रुपये जमा होतील, असे सांगितले. दुपारचे ऊन होते, चष्मा घरी राहिला होता, हातमोजा काढलेला हात अजून ओला होता. पडद्यावर मला ८९९ एवढेच दिसले. त्यापुढचे शून्य दिसले नाही. पिन टाकताच ८,९९० रुपये गेल्याचा संदेश आला. तो माणूस लगेच माफी मागू लागला, टाइप करणाऱ्याकडून शून्य जास्त पडले, आता दोन्ही रकमा मिळून ९,८८९ रुपयांचा नवीन कोड पाठवतो, असे म्हणाला. घाबरलेल्या माणसाला गेलेले पैसे परत मिळवण्याखेरीज दुसरे काही सुचत नाही. मी दुसराही कोड स्कॅन केला आणि तेही गेले. तिसरा कोड आला तेव्हा पाण्याची कळशी घेऊन आलेल्या पत्नीने माझा चेहरा पाहून विचारले, “अहो, पैसे येणार असतील तर पिन कशाला मागताहेत?” एवढे साधे वाक्य. यूपीआयमध्ये पिन पैसे देताना लागतो. पैसे घेण्यासाठी पिनही लागत नाही आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. मला हे माहीत होते, तरी त्या क्षणी ते माझ्या कामी आले नाही.

भाच्याने त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायला लावले. व्यवहारांचे क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपल्या बँकेचे नाव विचारतात, म्हणून ते संदेश पुसू नयेत. पाठोपाठ राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली. मधे दीड तास गेला होता. तेवढ्यात पहिली रक्कम पुढे काढून घेतली गेली होती. दुसऱ्या रकमेपैकी काही भाग समोरच्या खात्यात गोठवला गेला आहे, आणि तो सोडवण्याची प्रक्रिया हे लिहीपर्यंत चालूच आहे. बँकेने स्वतः भरपाई देण्यास नकार दिला. तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा होता. पिन मी स्वतः टाकला होता, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. म्हणूनच कळवण्यातला एकेक मिनिट मोलाचा आहे.

नेकबँडबद्दल मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार केली. तिथल्या बाईंनी विक्रेत्याचे नाव आणि पत्ता विचारला, आणि माझ्याकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क देणे आवश्यक आहे, आणि त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन महिन्याभरात निवारण करायचे असते. जिल्हा ग्राहक आयोगातही आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे आमच्यासाठी सांगलीतच, तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क पडत नाही. पण हे सगळे हक्क वापरायला समोर नाव-पत्ता असलेला माणूस लागतो. विक्रीच्या ज्या वेबपानावर नाव-पत्ताच नाही, तिथे कायदा असूनही हाताशी काही उरत नाही.

नंतर मी सांगलीला जाऊन एका ओळखीच्या दुकानातून नेकबँड घेतला. १,२९९ रुपये पडले. दुकानदाराने खोके माझ्यासमोर उघडून फोनला जोडून दाखवला, मी ‘आर’ क्रमांक तिथेच अॅपमध्ये तपासला, आणि जीएसटीचे पक्के बिल व दुकानाचा शिक्का मारलेले वर्षभराचे वॉरंटी कार्ड घेतले. बिल न घेता शंभर रुपये कमी करण्याचा पर्याय होता. तो मी नाकारला. वजनाला हलका, बटणे हातमोज्यातूनही लागणारी, कानातले रबर तीन मापांत मिळणारे आणि चार्जिंगच्या भोकाला घट्ट झाकण असलेले घ्यावे, हे मी अनुभवावरून सांगतो. ज्यांना फोनवरचा एफएम रेडिओ ऐकायचा आहे त्यांनी मात्र वायरचाच घ्यावा, कारण तिथे वायरच अँटेनाचे काम करते. ती शर्टाच्या आतून घेतली की तारेत अडकत नाही.

बागेत आता मी एकाच कानात घालतो, कारण ट्रॅक्टरचा आवाज आणि वाळलेल्या पानांतली सळसळ ऐकू यायला हवी. फवारणी आणि काडीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागांना, औषधाची पेस्ट लावण्याच्या वेळी तो घरीच ठेवतो, कारण औषधाचा हात कानाला लागणे परवडणारे नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनींनी तसलाच नेकबँड मागवल्याचे कळले, गोठ्यात धारा काढताना भजने ऐकण्यासाठी. कुरिअरचा मुलगा आला तेव्हा मी तिथेच होतो. खोक्यावर पाठवणाऱ्याच्या जागी फक्त एक मोबाइल क्रमांक होता. वहिनींनी मुलाला पाणी दिले, पार्सल नको म्हणून सांगितले, आणि त्याने तसे मशीनमध्ये नोंदवून ते परत पिशवीत टाकले.